गावाचा इतिहास-भूगोल लिहायचा तर आधी शीव चाला

मराठवाड्यातल्या बहुतेक यात्रांच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर गावाचा इतिहास असतो आणि तो दंडकारण्यापासून सुरू होतो. राम वनवासात इथून गेले, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, मग एकदम १७ सप्टेंबर १९४८, मग जिल्हा परिषदेची शाळा, आणि संपलं. मधली हजार-बाराशे वर्षं गावात जणू कुणी राहतच नव्हतं. भूगोल तर एका ओळीत उरकतो: गाव नदीकाठी वसलेलं असून निसर्गरम्य आहे.

हजार-पंधराशे वस्तीच्या साध्या गावाबद्दलही वीस-पंचवीस पानं भरतील इतकी पक्की माहिती मिळते. गावात किल्ला नसला, संत जन्मला नसला तरी मिळते. फक्त क्रम महत्त्वाचा. लोक आधी कागदाच्या मागे लागतात, तहसीलला चकरा मारतात आणि हातात आलेला कागद नेमक्या कोणत्या जमिनीबद्दल बोलतोय हेच कळत नाही म्हणून अडतात. आधी शीव, मग माती-पाणी, मग पांढरी, मग दगड आणि सगळ्यात शेवटी कागद, असा क्रम धरला की कागद वाचताना अर्धी उत्तरं आधीच पायाखालून गेलेली असतात.

कोणतं गाव?

महसुली गाव, गावठाण आणि ग्रामपंचायत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. महसुली गाव म्हणजे शिवेच्या आतली सगळी जमीन. गावठाण म्हणजे त्यातली घरांची जागा. ग्रामपंचायत एका महसुली गावाची असेल, किंवा गट ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन गावांची. तांडा किंवा वाडी बऱ्याचदा दुसऱ्याच महसुली गावाच्या हद्दीत असते. काही तांड्यांना पुढे स्वतंत्र महसुली दर्जा मिळाला, पण त्याआधीच्या नोंदी मूळ गावाच्या नावावरच राहिल्या. लोकसंख्येचे आकडे चुकतात ते मुख्यतः इथेच: जनगणनेचा आकडा महसुली गावाचा, सरपंच सांगतात तो पंचायतीचा आणि मतदार यादीचा तिसराच.

म्हणून सुरुवातीलाच २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी सांकेतिक क्रमांक शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पिंपळगाव, वडगाव, सांगवी, पिंपरी या नावांची गावं एकेका तालुक्यात तीन-चार असतात. त्यात बुद्रुक आणि खुर्द शेजारी-शेजारी. जुन्या यादीत बु. आणि खु. हे अक्षर पुसट झालं की शेजारच्या गावाचा इतिहास आपल्या गावाच्या नावावर चढतो. क्रमांक एकच असतो, तो दगा देत नाही.

शेजारी एखादं बेचिराख गाव असेल तर त्याचीही नोंद करा. नकाशावर नाव आहे, शिवार आहे, गट क्रमांक आहेत, पण घर एकही नाही अशी गावं मराठवाड्यात जागोजागी आहेत. तिथला मारुती किंवा मरीआई शेजारच्या गावाने सांभाळलेली असते आणि आपल्या गावातली दोन-चार आडनावं तिथूनच उठून आलेली असतात. ते गाव का उठलं याची उत्तरं पटकी, प्लेग, आटलेलं पाणी, लुटालूट अशी मिळतील. ज्याने जे सांगितलं ते त्याच्या नावाने लिहा, एकच निवडू नका.

शीव चालणं

गाव नकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटवार नकाशा दिसतोही, पण त्यावर जुन्या निशाण्या नसतात. कागदी प्रतीवर शिवेचे दगड, ओढे, गाडीवाटा, विहिरी आणि देवळांच्या खुणा असतात. ती घेऊन शीव चालायची. दीड-दोन हजार एकरांचं शिवार असेल तर घेरा दहा-बारा किलोमीटर भरतो. थांबत-लिहीत चालायला दोन सकाळी पुरतात. उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर निघा. भाद्रपदात तुरी-कपाशीतून शीव दिसत नाही आणि शेतकरीही वैतागतो.

तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे बहुधा उभा दगड, म्हसोबा किंवा जुनं झाड सापडतं. अशा प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर घ्या, पाच दशांश स्थळांपर्यंत. चार स्थळं लिहिली तर जागा दहा-बारा मीटर इकडेतिकडे होते; मोबाईलची स्वतःची चूकही पाच-दहा मीटरची असते, म्हणून एका जागी मिनिटभर थांबून मग आकडा लिहायचा.

शीव सरळ का नाही, हा भूगोलाचा पहिला प्रश्न. ती ओढ्याच्या धारेवरून जाते, माळाच्या कण्यावरून जाते आणि मध्येच एखाद्या ठिकाणी जिभेसारखी दुसऱ्या गावात शिरते. अशी जीभ दिसली की समजावं, इथे पाणवठा आहे, किंवा इनामाची जमीन आहे, किंवा जुना तंटा आहे. तेवढी एक जागा कागदात शोधायला राखून ठेवा.

उंचसखलपणासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरा. नोंदणी केली की त्यांच्या संकेतस्थळावरून घेता येतात. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. आपल्याकडच्या सपाट काळ्या शिवारात अख्ख्या गावात एखादीच रेषा येते. बालाघाटावर किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे त्या दाटीवाटीने येतात. धरणांआधीचा प्रदेश पाहायचा असेल तर अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची नकाशामालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. नाथसागराखाली, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली, गेलेली गावं तीत आपापल्या जागी सापडतात. प्रमाण लहान असल्यामुळे प्रत्येक वाडी मात्र मिळणार नाही आणि इंग्रजी स्पेलिंगवर विसंबून शोधायचं नाही. नदीच्या वळणावरून जागा पकडायची.

क्षेत्रफळाचा घोळ कायमचा. जुन्या कागदात एकर-गुंठे, आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. १ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. ‘५ एकर २० गुंठे’ हे ५.२० असं लिहून कॅल्क्युलेटरवर टाकणारे खूप. ते साडेपाच एकर असतं.

खडक, माती, पाणी

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा नव्याने खोदलेल्या विहिरीत वाचावं. वरून खाली: काळी माती, चुनखडीचे खडे असलेला पिवळसर थर, मुरूम, मग भेगाळलेला मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. मध्येच एखादा लाल मातीचा पट्टा दिसला तर तो दोन लाव्हांच्या मधल्या काळातला. प्रत्येक थराची जाडी फुटात लिहा. गावाच्या चार दिशांच्या चार विहिरींची अशी नोंद केली की माळावर बोअर का फेल जातात आणि ओढ्याकडच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी का टिकतं, हे आपोआप उलगडतं: पाणी मुरुमात आणि भेगाळ खडकात असतं, पाषाणात नसतं.

सगळ्यांना हे लागू नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीकडे, ग्रॅनाइट उघडा पडतो. तिथली माती, तळी आणि देवळांचा दगडसुद्धा निराळा. आणि गोदाकाठी, ज्याला लोक गंगथडी म्हणतात, तिथे गाळाचे इतके जाड थर आहेत की विहिरीत खडक लवकर लागत नाही. तिथल्या गावाचा इतिहास लिहिताना पुराच्या खुणा शोधा: वेशीवर, देवळाच्या पायरीवर, गढीच्या बुरुजावर.

विहिरीची खोली जुने लोक परसात सांगतात. परस गावागणिक बदलतो, म्हणून दोरीला दगड बांधून सोडायची आणि टेपने मोजायचं. पाण्याची पातळी मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा घ्या; एकाच वेळच्या आकड्याला अर्थ नाही. पावसाचे आकडे गावाचे नसतात, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे असतात आणि ते यंत्र आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं. आकड्याखाली मंडळाचं नाव लिहिणं म्हणूनच आवश्यक. आष्टी-पाटोद्याकडचं गाव आणि किनवट-माहूरकडचं गाव यांच्या सरासरीत कित्येकशे मिलिमीटरचा फरक पडतो; ‘मराठवाड्याचा सरासरी पाऊस’ एवढं लिहून भागत नाही.

गावचा पाझर तलाव कधीचा हे विचारलंत तर बहुतेक ठिकाणी ‘बहात्तरचा’ असं उत्तर येईल. १९७२ च्या दुष्काळात मजुरीला काम म्हणून तलाव, नालाबांध आणि रस्ते झाले. आजचा कितीतरी गावांचा तालुक्याकडे जाणारा रस्ता त्या वर्षीच्या खडीवर उभा आहे.

पांढरी

गावात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं माझं ठाम मत आहे. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा बांधल्या, चुलीची राख आणि शेणकूट साचत गेलं, की जमीन उंच होते आणि रंग बदलतो. गावात शिरताना चढ लागतो तो या पांढरीचा. तेर आणि पैठण ही मोठी उदाहरणं, भोकरदनही. पण साध्या गावाची पांढरीही दहा-पंधरा फूट उंच असते.

पाहायचं कुठे? खणायचं अजिबात नाही. पावसाने तुटलेला कडा, नव्या घराच्या पायाचा खड्डा, नालीचं काम, ट्रॅक्टरने कापलेली बाजू. तिथे राखेचे काळे पट्टे, जमिनीचे चोपलेले थर, हाडं, खापरं दिसतात. आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब आणि रुंद अशी भाजकी वीट दिसली तर सातवाहनकाळाचा संशय घ्यायला हरकत नाही. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, चकचकीत लाल खापर हेही त्याच बाजूला बोट दाखवतात. निळी-हिरवी काचेरी झिलई असलेलं खापर बहुधा बहामनी-मोगल काळाकडचं. पण एका खापरावर गाव दोन हजार वर्षांचं ठरवू नका. ओढ्याने, खताच्या गाडीने वस्तू इकडून तिकडे जातात. एकाच थरात तीन-चार प्रकारच्या खुणा मिळाल्या तर लिहा आणि जाणकाराला फोटो दाखवा. नाणी किंवा मूर्ती निघाली तर तहसीलला कळवावं लागतं, जमिनीतून निघालेल्या निधीचा कायदा १८७८ पासून आहे.

पांढरीची वाट लावली ती माळवदांनी. माळवदाच्या घराला सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, वर फळ्या-चिपा आणि वर मातीचा जाड थर लागतो. पांढऱ्या मातीतून पाणी लवकर झिरपत नाही म्हणून दर वर्षी मिरगाच्या आधी लोक तीच माती वर टाकत. ती यायची कुठून? जुन्या पांढरीतून आणि पडक्या गढीतून. थरावर थर वाढत गेला की छताचा भार भिंतींना पेलेना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या रुंद भिंती आणि हे जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. मृत्यूंचं मोठं कारण तेच. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं त्यानंतर नव्या जागी वसवली गेली. या गावांबद्दल लिहिताना जुनं गावठाण आणि नवं गावठाण अशा दोन स्वतंत्र नोंदी, दोन अक्षांश-रेखांश आणि मधलं अंतर द्यायलाच हवं. जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी या धरणांनी उठलेल्या गावांनाही हाच नियम.

गढी असेल तर तिच्या चार बाजूंची लांबी पावलांनी नव्हे, टेपने मोजा. बुरूज किती, दगडाचं जोतं किती फूट, त्यावर मातीचं काम किती, दार कोणत्या दिशेला. दर पावसाळ्यात एखादी भिंत खचते. आजची मापं पाच वर्षांनी मिळणार नाहीत.

दगड

मारुतीच्या पारावर शेंदराने माखलेले दोन-चार उभे दगड असतात. लोक त्यांना देव म्हणून पूजतात, त्यातले बरेच वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचे दगड, असतात. ओळखायचे असे: दगडाचे आडवे कप्पे पाडलेले, सगळ्यात खालच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर, कधी गायी, मधल्यात अप्सरा त्याला वर नेताना, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कळस. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. खालच्या कप्प्यात गायी असतील तर गुरं सोडवताना मेलेला माणूस. गावाच्या इतिहासातला हा पहिला खरा माणूस, नाव नसलं तरी.

फोटो दुपारी काढू नका, सपाट येतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, किंवा रात्री बॅटरी एका बाजूने दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. अक्षरं आणि आकृत्या उठून दिसतात. खडू, पीठ, तेल लावायचं नाही आणि शेंदूर खरवडायचा तर मुळीच नाही. दगड खराब होतो आणि गावाशी वैर येतं. शेजारी मोजपट्टी ठेवा. शिलालेखात शक वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन साधारण मिळतं.

काळ्या दगडाचं प्रत्येक जुनं देऊळ हेमाडपंती नसतं. दगडांच्या सांध्यात चुना दिसला, कमानी दिसल्या तर बांधकाम किंवा निदान डागडुजी नंतरची. चुन्याशिवाय खाचा पाडून बसवलेले दगड हे यादवकाळातल्या आणि त्याआधीच्या चालुक्यकाळातल्या देवळांतही असतात. देगलूरजवळच्या होट्टलची देवळं चालुक्यांची आहेत. बारवेचंही तसंच. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव किंवा जिंतूर तालुक्यातलं चारठाणं पाहून आलं की आपल्या गावची बारव कोणत्या घराण्यातली याचा अंदाज बसतो. पायऱ्या मोजा, टप्पे मोजा, देवळ्या मोजा, गाळ किती आहे ते काठी घालून बघा. गाळाखाली किती पायऱ्या गेल्या हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

कागद

आता कागद. पहिला प्रश्न: १९४८ च्या आधी गाव कुणाचं होतं? निजामाच्या राज्यात खालसा म्हणजे दिवाणी मुलूख, सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीतला, पायगा म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्याकडचा, जहागीर, इनाम अशी गावांची वर्गवारी होती. धाराशिव जिल्ह्यातली बरीच गावं सर्फ-ए-खासमध्ये होती. जहागिरी १९४९ च्या ऑगस्टमध्ये खालसा झाल्या. जहागिरीच्या गावाचं दफ्तर जहागीरदाराकडे असायचं, सरकारी रेकॉर्ड रूममध्ये त्याचे जुने कागद कमी मिळतात. नाहीत म्हणून गाव नवं, असा अर्थ काढू नका.

दुसरा प्रश्न: तेव्हा गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं? जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. परतूरच्या गावांचे जुने कागद परभणीच्या नावावर निघतात, लातूरचे उस्मानाबादच्या, हिंगोलीचे परभणीच्या. वडवणी, सोनपेठ, पालम, जळकोट, देवणी हे तालुके अलीकडचे. त्यांचं जुनं दफ्तर मूळ तालुक्याला. अंबाजोगाई निजामी कागदात मोमिनाबाद म्हणून सापडेल. त्याहून मागे गेलात तर अकबराच्या काळात पाथरी आणि माहूर ही सरकारं, म्हणजे मोगली जिल्हे, वऱ्हाड सुभ्यात होती, म्हणजे परभणीच्या एखाद्या गावाचा उल्लेख वऱ्हाडच्या यादीत मिळू शकतो. आणि धाराशिवकडचा मुलूख १८५३ ते १८६० इंग्रजांकडे होता, नळदुर्गला मेडोज टेलर अधिकारी होता. त्या सात वर्षांचं इंग्रजी दफ्तर हा त्या भागाला मिळालेला बोनस.

गावपातळीवर सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. सर्व्हे नंबर, कब्जेदार, जमिनीचा प्रकार, पीक, विहीर, झाडं, सगळं एका रकान्यातून पुढच्यात. त्यावरून गावाचा त्या वर्षीचा पूर्ण पीकनकाशा काढता येतो: ज्वारी किती एकर, कापूस किती, करडई-जवस किती, मोटेच्या विहिरी किती. तो आजच्या सोयाबीनशेजारी ठेवला की वेगळं भाष्य करावं लागत नाही. त्याआधीचं सेतवार हे मूळ जमाबंदीचं रजिस्टर. मराठवाड्यात मुंबई पद्धतीची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव शतकात झाली, त्याचं हे फळ. टिपण आणि गुणाकार बुकात एकेका नंबराची मापं मिळतात. इनाम जमिनींच्या नोंदी वेगळ्या पाहा: देवस्थान, मशीद, काझी, जोशी, महार, कोतवाल, कुणाला किती आणि कशासाठी. बारा बलुतेदारांची नुसती यादी देण्यापेक्षा कोणाकडे किती एकर इनाम होतं हे दिलं तर गावाची जुनी रचना उघडी पडते. काहींना ते आवडणार नाही.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या सर्व्हे नंबर आणि गट नंबर एकच समजल्याने. एकत्रीकरण योजनेत अनेक गावांचे सर्व्हे नंबर मोडून गट झाले. १९५४ चा सर्व्हे नंबर ३७ आणि आजचा गट ३७ यांचा काही संबंध नसेल. भूमी अभिलेखमध्ये एकत्रीकरणाचा जबाब किंवा ९(३), ९(४) चा उतारा मागा. त्यात कोणता नंबर कोणत्या गटात गेला ते असतं. काही गावांत योजना झालीच नाही, तिथे सर्व्हे नंबरच चालू आहेत.

निजामी कागदांवर फसली साल, म्हणजे निजामी राज्याचं महसुली वर्ष, असतं. इसवी सनासाठी त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. वर्ष आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असल्याने, आजूर, दय आणि जवळपास सगळा बहमन यांना ५९०, पुढच्या महिन्यांना ५९१. जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा, आणि तारीख ऑगस्ट १९४९ ची, हा ताळा लक्षात ठेवायला सोपा. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात, आहे की कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात, तेही बघा: १०० रुपये कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. दोन वर्षांच्या साऱ्याची तुलना करताना एक हालीत आणि एक कलदारात असेल तर सारा वाढला की घटला हे उलटंच दिसतं.

लिपी उर्दू, तीही घसटीची. काही नोंदी मोडीत. रकमा कधी सियाक, म्हणजे हिशेबाच्या फारसी खुणांच्या, आकड्यांत. उर्दूत ळ आणि ण नाहीत, म्हणून पिंपळगावचं पिपलगांव, वरवंटीचं काहीही. वाचणाऱ्याला गावातली आडनावं आणि शेतांची नावं आधी लिहून द्या, त्याशिवाय तो अंदाजाने वाचतो. एकाच पानाचं वाचन दोघांकडून करून घ्या. कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने २०२३ पासून गावोगावची रजिस्टरं बाहेर निघाली, वाचणारेही पुढे आले, हे चांगलंच झालं; फक्त बहुतेकांनी जातीचा एकच रकाना वाचला आणि बाकीचं पान तसंच मिटलं. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. मृत्यूच्या कारणांचा रकाना वर्षवार मोजला की पटकीची, तापाची साल डोळ्यांसमोर येते.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका. पहिलं पान शाळा सुरू झाल्याची तारीख सांगतं, पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली हेही सांगतं. मुख्याध्यापकांना ग्रामसभेचं पत्र दिलं की बहुधा पाहू देतात. खासगी नावं मात्र छापायची नाहीत, आकडे छापायचे. वंशावळीसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गावानुसार लावलेल्या असतात. हैदराबादला तारनाक्याचं पुराभिलेखागार मोठं आहे, पण तालुका, जिल्हा, फसली साल ही तिन्ही हातात असल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही. तहसीलमध्ये नक्कल सरळ मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये. अर्जात ‘गावाचा सगळा इतिहास द्यावा’ असं लिहू नका. कागदाचं नाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर लिहा, नाहीतर ‘माहितीचा बोध होत नाही’ असं उत्तर येतं.

नोंद किती कोरडी असावी

पोलंड म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीची आठवण निघते. त्या देशातल्या खेड्यांच्या नोंदी बघण्यासारख्या आहेत. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो देश गिळला आणि १९१८ पर्यंत तो नकाशावर नव्हता. त्या पारतंत्र्यातच, १८८० ते १९०२ या काळात, वार्साहून १५ खंडांचा भौगोलिक कोश निघाला आणि त्यात दहा-वीस घरांच्या खेड्यालाही जागा मिळाली. नोंद चार-पाच ओळींची: खेडं कोणत्या गमिनात म्हणजे गावगटात, कोणत्या चर्चच्या पॅरिशमध्ये, जिल्ह्याच्या गावापासून किती वेर्स्त, घरं किती, माणसं किती, जमीन किती मोर्ग, त्यातली जमीनदाराची किती आणि शेतकऱ्यांची किती. विशेषणं जवळजवळ नाहीत. वेर्स्त म्हणजे १.०६७ किलोमीटर आणि तिथला मोर्ग म्हणजे ०.५६ हेक्टर, एवढं कळलं की आजही ती नोंद पडताळता येते.

त्यांच्याही वाटेला आपल्यासारखीच लिप्यांची आणि भाषांची सरमिसळ आली. रशियाच्या भागात १८६८ पासून चर्चची जन्म-मृत्यूची पुस्तकं रशियनमध्ये, ऑस्ट्रियाच्या भागात लॅटिनमध्ये, प्रशियाकडे जर्मनचा वावर. वेठबिगारी संपून शेतकरी जमिनीचा मालक कधी झाला हेही भागानुसार: ऑस्ट्रियाकडच्या गॅलिशियात १८४८, रशियाकडे १८६४. आणि तिथल्या लांबट खेड्यांत घर रस्त्यावर, मागे त्याच कुटुंबाची शेताची पट्टी थेट जंगलापर्यंत. आपल्याकडे घरं पांढरीवर एकमेकांना खेटून आणि शेत चारी दिशांना तुकड्यांत. तिथे शेतांच्या पट्ट्या मोजून मूळ कुटुंबं किती होती याचा अंदाज करता येतो. इथे त्यासाठी सेतवारच उघडावं लागतं.

गावाच्या पुस्तिकेचं पहिलं पान असं, कोशातल्या नोंदीसारखं असावं. सांकेतिक क्रमांक, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, क्षेत्र हेक्टरमध्ये, १९५१ पासून २०११ पर्यंत दर जनगणनेची लोकसंख्या. जिल्हा जनगणना पुस्तिकांतून हे आकडे मिळतात. एखाद्या दशकात आकडा अचानक घसरला किंवा दुप्पट झाला तर आधी हद्द बदलली का, तांडा वेगळा झाला का ते तपासा. ऊसतोडीला गेलेली माणसं मोजली गेली का हा प्रश्न बीडकडच्या गावांना नेहमी विचारावा.

ऐकीव माहितीला बंदी नाही, तिला तारीख जोडायची असते. ‘किती साली?’ असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. ‘आबा, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तुम्ही ढोरामागं होतात की शाळेत?’, ‘मावशी, बहात्तरला सुकडी मिळायची तेव्हा थोरला पोटात होता का मांडीवर?’ असं विचारा. दोन-तीन वर्षांच्या आत साल पकडता येतं. रझाकारांच्या काळाबद्दल एकाच घरात विचारून थांबू नका. वरच्या आळीत, वाड्यावर, महारवाड्यात, मुसलमान घरांत, तांड्यावर वेगवेगळं ऐकायला मिळेल आणि ते वेगवेगळंच लिहायचं. पांडवांची आणि रामाची गोष्टही टाका, पण ‘गावात अशी कथा सांगतात’ या मथळ्याखाली, शिलालेखाच्या पानावर नव्हे.

मूळ फोटो आणि नकला तीन ठिकाणी ठेवा: पंचायतीत, शाळेत आणि एखाद्या पेनड्राइव्हवर गावाबाहेर राहणाऱ्या माणसाकडे. फाइलच्या नावात गावाचा सांकेतिक क्रमांक, कागदाचा प्रकार, वर्ष आणि पान घाला. ‘फोटो १२ नवीन शेवटचा’ अशा नावाची फाइल वर्षभराने काढणाऱ्यालाही ओळखू येत नाही.